पोराला कामावर नेताय? आधी शिक्के कुलपात ठेवा

आमच्या ऑफिसात शिक्क्यांचा एक गोल स्टँड आहे. हात लावला की गरगर फिरतो. पाच वर्षांच्या पोराला याहून मोठं आमंत्रण ते काय हवं? मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या चिरंजीवांनी मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या फाईलीतल्या चौतीस पानांवर ‘रद्द’ असा शिक्का मारला. प्रत्येक पानाच्या मधोमध, अगदी सरळ. मी शेजारच्या टेबलावर फोनवर बोलत होते आणि आज किती शहाण्यासारखा बसलाय म्हणून मनातल्या मनात त्याचं कौतुक करत होते.

त्यानंतर त्याला ऑफिसात न्यायचं मी बंद केलं नाही, कारण ते शक्यच नव्हतं. सासूबाईंचे गुडघे, पाळणाघराची सुट्टी आणि नवऱ्याची फिरती, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. पण नेण्याची पद्धत मात्र बदलली. आता आमच्याकडे नव्याने लागलेल्या दोघीतिघी विचारतात, ‘ताई, तुम्ही कसं जमवलंत?’ त्यांच्यासाठी हे लिहून काढते आहे. माझं काम हिशेबाच्या ऑफिसातलं, तेही सांगलीत, तेव्हा उदाहरणं तिथलीच जास्त येतील.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. शिक्क्यांच्या प्रकरणानंतर मी त्याला रागाने विचारलं, ‘हे काय केलंस?’ तो म्हणाला, ‘तुझं काम संपवलं.’ मी रोज पानं उलटत शिक्के मारते हे त्याने तीन दिवस बघितलं होतं. त्याच्या दृष्टीने त्याने आईला घरी लवकर जायची सोय करून दिली होती. कामाच्या जागी पोरं ज्याला आपण खोड्या म्हणतो असं जे करतात, त्यातलं निम्म्याहून जास्त याच जातीचं असतं.

आधी विचारा, आणि नेमकं विचारा

सकाळी साडेदहाला पोराचं बोट धरून दारात उभं राहायचं आणि ‘सर, आज जरा…’ असं म्हणायचं, ही सगळ्यात वाईट पद्धत. समोर पोर उभं असताना कुणीही नाही म्हणत नाही, पण तो नकार नंतर कुठल्या तरी वेगळ्याच गोष्टीवर निघतो. आदल्या दिवशी विचारा. कोणता दिवस, किती ते किती, पोर बसणार कुठे आणि त्या वेळात तुमचं कोणतं काम पूर्ण होणार, या चार गोष्टी सांगा. ‘उद्या दुपारी दोन ते पाच मुलाला आणते, रेकॉर्डच्या खोलीजवळ बसवते, जीएसटीची जुळवणी उद्या पूर्ण होईल,’ असं म्हटलं की समोरच्यालाही हो म्हणायला सोपं जातं.

दिवसही बघून निवडा. आमच्याकडे जुलैचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरअखेर वर्ज्य. बँकेत मार्चअखेर. शाळेच्या किंवा तहसीलच्या कार्यालयात जून, कारण तेव्हा दाखल्यांची रांग दाराबाहेर गेलेली असते. त्या दिवसांत तुमचं पोर देवासारखं शांत बसलं तरी लोकांना त्याचा त्रास होणार.

हक्काचंही माहीत असू द्या. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊन यायची मुभा असते. आमच्या ऑफिसात आम्ही अकरा जण, त्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग शून्य. पण तुम्ही मोठ्या ठिकाणी असाल तर मुलाला टेबलाखाली बसवण्याआधी एचआरला हा प्रश्न लेखी विचारून बघा. दोघीचौघींनी मिळून विचारलं तर आणखी बरं.

काही ठिकाणी न्यायचंच नाही

माझ्या वडिलांचा छापखाना होता, दोन खोल्यांचा. मी सहा वर्षांची असताना शाळा सुटली की तिथेच जायचे. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायच्या लाकडी केसमध्ये बारीक बारीक खाने असतात. काही खाने काठोकाठ भरलेले आणि काहींत जेमतेम दहा-बारा खिळे. कान्याचे, ‘र’चे, ‘त’चे खिळे भरपूर लागतात आणि ‘ढ’ किंवा ‘ञ’ कधीतरीच, म्हणून ती वाटणी. मला ते काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की काही खान्यांवर अन्याय झालेला आहे. जुळारीकाका जेवायला गेले तेवढ्यात मी सगळे खाने सारखे भरून ठेवले. लग्नसराई होती. काका पुढचे दोन दिवस चिमट्याने खिळे निवडत बसले होते, आणि एका पत्रिकेच्या प्रुफात वधूचं नाव असं काही आलं होतं की वडिलांनी तो कागद कुणाला दाखवलाच नाही.

ही गोष्ट घरात हसत हसत सांगतात. मला मात्र आता दुसरंच आठवतं. ते खिळे शिशाचे, त्यात अँटिमनी आणि कथिल मिसळलेलं. मी ते हाताळायचे आणि त्याच हाताने शेंगदाणे खायचे. शिसं लहान मुलांच्या मेंदूला किती वाईट, हे तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. शेजारी छपाईचं ट्रेडल मशिन धडाधड उघडमिट करत असायचं आणि त्याच्या जबड्यापासून माझं डोकं हातभर लांब.

म्हणून पहिला प्रश्न ‘पोर दंगा करेल का’ हा नाही. पोर अगदी शहाण्यासारखं वागलं तरी त्याला इथे काही होऊ शकतं का, हे आधी बघायचं. पिठाच्या गिरणीत उघडा पट्टा फिरत असेल तर ओढणी घातलेल्या मुलीला दाराच्या आत घ्यायचं नाही. वडे तळायच्या गाडीवर, लेथवर, वेल्डिंगला नाही. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तर मुलांना सगळ्यात जास्त आवडतात त्याच वस्तू सगळ्यात वाईट. पिवळ्या, लाल पिशव्या आणि निळे डबे बघून पोरांना रंगीत खेळ वाटतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्यात रक्ताने माखलेला कापूस, लालमध्ये वापरलेल्या नळ्या, पांढऱ्या जाड डब्यात सुया आणि निळ्यात काच असते. एका मैत्रिणीची नोकरी तिथलीच. ती म्हणते, मी मुलाला बाहेरच्या बाकावरसुद्धा बसवत नाही, आजारी माणसं खोकत असतात.

कारखान्याचं आणखी एक. १९४८ च्या कारखाने अधिनियमात असं गृहीत धरलेलं होतं की यंत्र चालू असताना जेवणाच्या सुट्टीशिवाय कुणी आत सापडला, तर तो तिथे कामालाच आहे, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे तुम्ही मुलाला ‘नुसतं बघायला’ नेलंत तरी मालकाच्या डोक्याला ताप. सुपरवायझर फाटकावर मुलाला अडवतो तेव्हा तो खडूसपणा करत नसतो.

पहिली खेप काम बंद असताना

हे मला फार उशिरा सुचलं. आपल्याकडे त्यासाठी दिवस राखून ठेवलेला आहे. खंडेनवमीला यंत्रं, हत्यारं, गाड्या पुसून, त्यांना झेंडूची माळ घालून पूजा होते. एसटीच्या डेपोपासून सुताराच्या पडवीपर्यंत सगळीकडे त्या दिवशी यंत्रं गप्प असतात आणि लोक घरच्यांना घेऊन येतात. दुकान असेल तर दिवाळीतलं लक्ष्मीपूजन आणि वहीपूजन. पोराची पहिली भेट त्या दिवशी घडवा.

त्या दिवशी हात लावू द्या, मनसोक्त. खुर्ची फिरवू दे, कपाट उघडू दे, सरांच्या खुर्चीत बसू दे (सरांना विचारून). आई कुठे बसते, तिची बाटली कुठे असते, संडास कुठे, पाणी कुठे, हे सगळं दाखवा. नवलाई त्या दिवशी निम्मी ओसरते. आमचा मुलगा शिक्क्यांच्या स्टँडजवळ पहिल्यांदा आला तो कामाच्या दिवशी. नवमीला आला असता तर स्टँड फिरवून फिरवून कंटाळून गेला असता.

आदल्या संध्याकाळी जमिनीवर बसा

खरंच बसा. ऑफिस सुटल्यावर, सगळे गेल्यावर, आपल्या टेबलापाशी फरशीवर मांडी घाला आणि पाच मिनिटं इकडेतिकडे बघा. उभ्याने कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसतात. टेबलाच्या कडेवरून लोंबणारी चार्जरची वायर, जिच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप आहे. खालच्या खणात कटर. कागद बारीक करायच्या मशिनचं तोंड अगदी तुमच्या नाकासमोर. ते मशिन फक्त बंद करून भागत नाही, त्याचा प्लग काढून ठेवा. लॅमिनेशनचं मशिन बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, ते वर ठेवा. चाकाची खुर्ची शक्यतो मुलाला द्यायचीच नाही. प्लॅस्टिकची साधी खुर्ची मागून घ्या, चहावाल्याकडेसुद्धा मिळते.

चहावरून आठवलं. साडेतीनला चहा येतो तेव्हा तो पोराच्या हाताला लागेल अशा उंचीवर, टेबलाच्या काठाला ठेवला जातो. आमच्याकडे मी चहावाल्या मुलाला सांगून ठेवलंय, मुलगा आलेला असेल त्या दिवशी माझा कप कपाटावर.

आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या. याबद्दल मी जरा जास्त बोलते, हे आमच्या ऑफिसात सगळे सांगतील. गाडीच्या किल्लीत, छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात ‘सीआर २०३२’ नावाची बॅटरी असते. २०३२ म्हणजे व्यास २० मिलीमीटर आणि जाडी ३.२ मिलीमीटर, थोडक्यात रुपयाच्या नाण्याची चुलतबहीण. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकतं. वाट बघायची नाही, ओकारी काढायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायचा. मुलगा तीन-चार वर्षांचा असेल तर त्या दिवशी रिमोट आणि किल्ल्या वरच्या खणात.

संगणकाचंही याच संध्याकाळी शिकून घ्या. खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल ही दोन बटणं एकदम दाबली की पडदा कुलूपबंद होतो. ही सवय पोर नसतानाही चांगली. आमच्यासारख्यांना तर ती हवीच, कारण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट आणि डी दाबून ‘हो’ म्हटलं की व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, जातं, आणि त्याला परत बोलवायचं बटण नाही. बॅकअप असला तरच ते हाती लागतं. कुलूप घातल्यावर मुलाने पासवर्डच्या जागी बोटं बडवली तरी फार तर खातं थोडा वेळ अडकतं, तुमचे आकडे तरी शाबूत राहतात.

पिशवीत काय

खाणं असं की ज्याने बोटं चिकट होत नाहीत. म्हणजे चिवडा चालेल, चिक्की नको. कपड्यांचा एक जोड, पाण्याची झाकणाची बाटली, एक ओला नॅपकिन, आणि आवाज न करणारं एक खेळणं. मोबाईल शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा. पहिल्याच तासाला दिलात तर पुढचे दोन तास तुमच्याकडे शस्त्रच उरत नाही. माझं मत असं, इतरांचं वेगळं असू शकतं.

पोराला नोकरी द्या

खरी. लुटुपुटूची नको, मुलांना ते लगेच कळतं. रिकामा कॅल्क्युलेटर हातात देऊन ‘तू पण काम कर’ म्हटलंत तर दहा मिनिटांत तो तुमच्या कॅल्क्युलेटरकडे येणार, कारण तुमच्या कॅल्क्युलेटरकडे लोक बघत असतात.

वय चार-पाच असेल तर त्याला वाहतूक खातं द्या. ‘हा कागद देशपांडेकाकूंना देऊन ये आणि त्या काय म्हणतात ते मला येऊन सांग.’ (हे नाव इथे काल्पनिक, पण अशा एक काकू प्रत्येक ऑफिसात असतातच.) निरोप साधा हवा आणि दरवेळी खरा. एका तासात सहा खेपा झाल्या की पोर दमतं आणि त्याला आपण महत्त्वाचे आहोत असं वाटतं.

शिक्क्यांचं काय करायचं? मी बंदी घातली नाही. चालू शिक्के कुलपात ठेवले आणि एक जुना तारखेचा शिक्का त्याच्या नावावर केला. त्याचं २०११ नंतरचं साल फिरतच नाही, त्यामुळे कुठल्याही कागदावर तो मारला तरी कुणाची फसवणूक व्हायची भीती नाही. पाठकोऱ्या कागदांची एक गड्डी दिली. तो प्रत्येक कागदावर खालच्या उजव्या कोपऱ्यात तारीख मारतो आणि मग दुसऱ्या गड्डीत पालथा घालतो, हुबेहूब मी करते तसं. शाई बोटांना लागतेच. खोबरेल तेल चोळायचं आणि मग साबण लावायचा.

पाठकोऱ्या कागदांवरून मात्र एक मोठी चूक माझ्या हातून झाली. ‘पाठकोरा’ म्हणजे एक बाजू कोरी, दुसरी नाही. दुसऱ्या बाजूला काय आहे ते मी बघितलं नाही. मुलाने त्यावर मोर काढला, मोर चांगला आला, त्याने तो शाळेत नेला आणि बाईंनी कौतुकाने फळ्याशेजारी लावला. पालकसभेला मी मोर सरळ करायला गेले तर पाठीमागे एका ग्राहकाचा पॅन नंबर आणि वर्षाचं उत्पन्न. तेव्हापासून पोरांच्या चित्रांसाठी बाजारातून रिम विकत आणते. थोडे पैसे जातात, जाऊ देत.

सात-आठ वर्षांच्या मुलाला माझ्या मते सगळ्यात छान काम म्हणजे पाकिटं लावणं. आमच्याकडे नोटिशींची, पत्रांची पाकिटं येतात-जातात, जुनी रिकामी पाकिटंही साठतात. ती पिनकोडप्रमाणे लावायला सांगा. ही पद्धत आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. सहा आकडे, पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. मुलाला एवढं सांगितलं की तो गठ्ठे घालायला लागतो. चारचा ढीग सगळ्यात मोठा होतो, मग त्याचे पोटगठ्ठे होतात, ४११ पुण्याचे, ४१६ आपल्या बाजूचे. सांगलीचा पिन ४१६४१६, तोच आकडा दोनदा, हे कळल्यावर आमचा मुलगा आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या गावचा पिनकोड विचारत होता. एका वृद्ध ग्राहकाला स्वतःच्या गावचा पाठ नव्हता तर त्याला ओरडलासुद्धा. त्याबद्दल माफी मागावी लागली.

काम संपल्यावर तपासा, निष्काळजीपणे ‘वा छान’ म्हणू नका. दोन पाकिटं चुकीच्या ढिगात असतील तर ‘हे बघ जरा’ म्हणा. तपासलं जाणारं काम खरं, हे मुलांना बरोबर माहीत असतं.

पण मर्यादाही आहे. तीन तास फार झाले. त्यानंतर कितीही गोड पोर असलं तरी ते टेबलाखाली जाऊन कुणाच्या तरी चपला लपवणार. आमच्याकडे एकदा सरांची उजवी चप्पल पाण्याच्या कूलरमागे निघाली. तो चौथा तास होता, चूक माझी.

शिपाईकाकांच्या गळ्यात घालू नका

हे मला मनापासून सांगायचंय. ऑफिसात पोर आलं की नकळत ते कुणाकडे सरकतं? शिपायाकडे, किंवा सगळ्यात नवीन लागलेल्या मुलीकडे. ‘काका, जरा बघता का याला?’ काका हो म्हणतात, कारण त्यांना नाही म्हणायची सोय नाही. मग काकांचं पोस्टाचं काम राहतं आणि संध्याकाळी त्यांना बोलणी बसतात. पोरगी नवीन असेल तर ती दोन तास गोष्टी सांगते आणि तिचं काम घरी नेते. मुलगा ज्यांच्याशी खेळतो ते बहुतेक वेळा आनंदाने खेळत असतात, हेही खरं. पण आपण मागणं वेगळं आणि त्यांनी आपणहून बोलावणं वेगळं. मी मीटिंगला जाताना मुलाला शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून बसवते, किंवा मीटिंग पुढे ढकलते. एकदा दोन्ही जमलं नाही तेव्हा काकांना विचारलं, आणि त्यांची पोस्टाची खेप दुसऱ्या दिवशी मी मारली.

मुलांना लोकांना नावाने, नात्याने हाक मारायला शिकवून न्या. ‘ए शिपाई’ अशी हाक एका साहेबांच्या नातवाने मारलेली मी ऐकली आहे. त्या पोराची काय चूक, त्याने ती कुठेतरी ऐकलीच असणार.

घडलंच तर

घडणार. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी मुलाचा हात बघा, मग कागद बघा.

चहा किंवा गरम काही सांडून भाजलं तर नळाखाली गार पाण्याची धार २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, आणि हो, आमच्या सांगलीत हळद लगेच हाताशी असते तरीही नको. फोड मोठे असतील किंवा चेहरा, हात भाजले असतील तर थेट दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८.

लॅपटॉपवर पाणी सांडलं तर बटण दाबून धरून तो बंद करा, चार्जर काढा, उलटा तंबूसारखा करून ठेवा आणि चालू होतोय का हे बघायचा मोह आवरा. तांदळात घालू नका, भुसा आत जातो.

पडद्यावर काहीतरी विचित्र झालं, म्हणजे अक्षरं मोठी झाली, आवाज येऊ लागला, तर घाबरू नका. शिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ची खिडकी येते, पोरांना ती फार सापडते. ‘नाही’ म्हणा. एक्सेलमध्ये आकडे बदलले असतील तर कंट्रोल आणि झेड, पुन्हा पुन्हा. नेमकं काय बदललं कळतच नसेल आणि फाईल आपोआप सेव्ह होत नसेल, तर ती न साठवता बंद करा आणि मागचा अर्धा तास पुन्हा करा.

ऑफिसच्या व्हॉट्सअप ग्रुपवर सतरा स्टिकर गेले तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ निवडा. घाईत ‘माझ्यासाठी डिलीट’ दाबलं की ते तुम्हाला दिसेनासे होतात आणि बाकीच्या दहांना दिसत राहतात. मी हे केलेलं आहे. तेव्हा मला वाटलं काम झालं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

कागद खराब झाला तर लपवू नका. हळदवाल्यांची फाईल मी त्याच दुपारी सरांपुढे ठेवली. चौतीसपैकी एकोणतीस पानं आमच्याकडच्या प्रती होत्या, त्या पुन्हा छापल्या. पाच मूळ होती, त्यांच्या नव्या प्रती मागायला मी स्वतः यार्डात गेले. व्यापारी भला माणूस. म्हणाला, ‘पोरगं हुशार आहे, एकही पान सोडलं नाही.’ पण प्रत्येक जण असा नसतो, त्यामुळे नुकसान भरायची तयारी ठेवून जा.

मुलाला सगळ्यांसमोर मारायचं, ओरडायचं नाही. त्यात निम्मं ओरडणं लोकांना दाखवायला असतं आणि मुलाला तेही कळतं. त्याला बाहेर जिन्यात न्या, काय बिघडलं ते सांगा, आणि ज्याचं बिघडलं त्याच्याकडे त्याला बरोबर घेऊन जा. माफीचं वाक्य त्याचं त्याला बोलू द्या, मोडकंतोडकं का होईना.

दुकान आपलंच असेल, किंवा घर दुसऱ्याचं

स्वतःच्या दुकानात मुलं गल्ल्यापाशी बसतात, सुट्टे पैसे मोजतात, पुड्या बांधतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात मदत करू देतो, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नसेल तरच. फटाक्यांचा स्टॉल घरचा असला तरी त्यात मुलगा बसवायचा नाही, हे दिवाळीच्या तोंडावर लोक सोयीस्करपणे विसरतात. शेजाऱ्याच्या दुकानात ‘जरा मदतीला’ पाठवणंही त्यात बसत नाही.

दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं निम्मं लागू पडत नाही. तिला आदल्या दिवशी विचारायची सोय नाही, आणि मुलीने शोकेसमधल्या बाहुलीला हात लावला तर काम जायची भीती. आमच्या घरी येणाऱ्या ताई मुलीला दारातच बसवायच्या, पायऱ्यांवर, हलू नको म्हणून दटावून. मी ऑफिसात माझ्या पोराला खुर्ची मागायचे आणि माझ्या घरात दुसरीची मुलगी पायरीवर, हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. तुमच्या घरी असं कुणी येत असेल तर घरात एक जागा, एक चटई, थोडे रंग ठेवा, आणि ‘हे तिचं’ असं ताईंना स्पष्ट सांगा. न सांगता ठेवलेल्या वस्तूला त्या मुलीला हात लावू देणार नाहीत.

बांधकामावर तर गोष्ट आणखी अवघड. मोबाईल क्रेशेस ही संस्था १९६९ साली दिल्लीत सुरू झाली तीच साइटवरच्या मजुरांच्या मुलांसाठी. नंतर मुंबईत आणि पुण्यातही साइटवर अशी पाळणाघरं निघाली. तुम्ही बिल्डरकडे, ठेकेदाराकडे ऑफिसात नोकरीला असाल तर आपल्या साइटवर मुलं कुठे असतात हे एकदा जाऊन बघा.

निघताना

पाच वाजले की टेबल आधी होतं तसं करा, पोराकडूनच. पाकिटांचे ढीग रबर लावून खणात, शिक्का जागेवर, खुर्ची चहावाल्याला परत. सगळ्यांना ‘येतो’ म्हणायला लावा.

आणि दाराबाहेर पडण्याआधी खिसे तपासा. आमच्याकडे आत्तापर्यंत निघालेल्या वस्तू : रबरं अगणित, एक स्टेपलर, सरांच्या पेनाचं टोपण, रेकॉर्ड खोलीची किल्ली (त्या रात्री आठ वाजता परत नेऊन दिली), आणि ‘रद्द’ हा शिक्का. तो त्याने घरी का आणला विचारल्यावर म्हणाला, ‘उद्या पण तू तोच वापरशील म्हणून.’